एटले काय की, बघा ने

जागा बघायला गेले तेव्हा बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका बोळात त्यांचं दुमजली घर होतं. खाली त्या एकट्या राहायच्या आणि वरची खोली नोकरी करणाऱ्या मुलींना भाड्याने द्यायच्या. मी नाव सांगितलं, अमरावतीहून आले म्हणून सांगितलं, नोकरीचं सांगितलं. त्यांनी माझ्या हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र दिलं, स्वतः खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि म्हणाल्या, "वाच. कुठलंही वाच, पण मोठ्याने."

गटारांच्या कामाबद्दल काहीतरी बातमी होती, ती मी वाचायला लागले. अर्धी झाली असेल नसेल, त्यांनी हात वर केला.

"लहानपणी दमा होता ने तुला?"

होता. मी हो म्हटलं.

"वर हवा चांगली आहे. राहा."

माझ्या आधी आलेल्या मुलीला त्यांनी परत पाठवलं होतं. का, म्हणून मी पुढे कधीतरी विचारलं, तर म्हणाल्या, ती वाचताना गोड आवाज काढत होती. चेहऱ्याला वळण लावता येतं, गळ्याला लावता येत नाही, असं त्यांचं मत होतं आणि त्या मतावर त्यांनी भाडेकरू, भाजीवाला, डॉक्टर आणि देवळातला पुजारीसुद्धा निवडला होता. मी त्यांना एकदा काकू म्हटलं. "मी कोणाची काकू नाही. बाई म्हण," त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या माझ्याही बाई झाल्या.

खऱ्या अर्थानेही त्या बाईच होत्या. शहरातल्या एका मराठी शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं. हजेरी घेताना त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या राहत. मित्रासाठी कोणी खोटी हजेरी दिली की न वळता त्याचं खरं नाव घेत. पुढे बडोद्यातल्या मराठी घरांनी मुलं इंग्रजी शाळांत घातली, मराठीचे वर्ग रोडावत गेले. शेवटच्या वर्षी अख्खा पाचवीचा वर्ग दोन बाकांवर मावायचा. मग शाळेने तुकडीच बंद केली आणि बाई वेळेआधीच घरी बसल्या. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. फक्त एवढंच म्हणायच्या की, आता दुपारी फार शांत असतं.

त्या शांततेवर त्यांनी उपाय केला होता. टीव्ही दिवसभर चालू असायचा, पण पडद्यावर भरतकामाचं झाकण. चित्र मध्ये आलं की ऐकू येत नाही, म्हणायच्या. बातम्या देणाऱ्या बाईला सर्दी झालेली त्यांना सर्वांत आधी कळे. फोन वाजला की रिसीव्हर उचलून कानाला लावत, पण हॅलो म्हणत नसत. ज्याने फोन केला त्याने आधी बोलावं. पलीकडचा माणूस गोंधळून हॅलो हॅलो करायचा, कित्येक जण ठेवून द्यायचे. बाई तशाच उभ्या. पलीकडून नुसता श्वास आला तरी ऐकत राहायच्या.

हे विक्षिप्तपण आहे असं मला वाटत होतं. समोरच्या घरात एक गुजराती बेन राहायच्या. त्यांनी एके दिवशी ओट्यावर भाजी निवडता निवडता मला खरं काय ते सांगितलं.

बाईंचे यजमान एका कारखान्यात खरेदी विभागात होते. सरळ माणूस. व्यसन नाही, भांडण नाही, मूलबाळ नव्हतं पण त्यावरूनही कधी आवाज चढला नाही. एका रविवारी सकाळी घड्याळाचा पट्टा बदलून आणतो म्हणून मांडवीच्या बाजारात गेले ते परत आले नाहीत. बाईंनी आणि दिराने सगळं बडोदं पालथं घातलं. इस्पितळं, स्टेशन, सूरसागर तळ्याचा काठ. मांडवीतल्या घड्याळवाल्याने सांगितलं की हो, आले होते, पट्टा बदलला, हातात घालून बघितला आणि गेले. त्या एका पट्ट्यावर बाईंनी पंधरा वर्षं काढली होती. ज्याला घर सोडून जायचंय तो घड्याळाला नवा पट्टा कशाला लावेल, असं त्या म्हणायच्या. म्हणजे माणूस परत येणार होता. मध्ये काहीतरी झालं.

बाई स्वतः त्यांच्याबद्दल बोलल्या तर 'आमचे गृहस्थ' म्हणायच्या. आमच्या गृहस्थांना कारलं आवडायचं. आमचे गृहस्थ उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवायचे नाहीत, खाली बसून दोरीचं गुंडाळं धरायचे. क्रियापदं भूतकाळातली असत, पण सांगायचा सूर आत झोपलेल्या माणसाबद्दल सांगावं तसा.

दरवर्षी दिवाळीत त्यांचे दीर मिठाईचा डबा घेऊन यायचे. घर त्यांच्या भावाच्या नावावर होतं. छत गळत होतं, मागची भिंत फुगली होती, पण मालक बेपत्ता म्हणून ना विकता येत होतं ना कर्ज काढून नीट करता येत होतं. सात वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला कोर्टाकडून मृत ठरवून घेता येतं, वहिनींनी एक अर्ज करायचा, बाकी सगळं मी बघतो, असं ते दर वेळी समजावून सांगायचे. वाईट माणूस नव्हता तो. थकला होता. बाई त्यांना फराळाचं ताट द्यायच्या आणि दर वेळी एकच उत्तर द्यायच्या. जिवंत माणसाला मी तोंडाने मारणार नाही.

माझी नोकरी काय आहे हे बाईंना बरेच महिने कळलंच नव्हतं. कॉम्प्युटरचं काहीतरी, एवढंच. खरं म्हणजे आमचं काम त्यांच्याच आवडीचं होतं. अलकापुरीतल्या एका दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस होतं. इंटरनेटवर त्या सुमाराला लोक भाषणं, मुलाखती, रेडिओचे कार्यक्रम असं हवं ते चढवायला लागले होते. लिहिलेलं शोधणं सोपं, शब्द टाकला की सापडतो. पण तासभराच्या बोलण्यात एखादं वाक्य कुठे आहे ते कसं शोधणार? आमच्याकडे त्यासाठी एक प्रोग्राम होता. शब्द टाकायचा, तो त्या शब्दाचे आवाज जुळवत सगळी रेकॉर्डिंगं धुंडाळायचा आणि इथे इथे असावं म्हणून जागा दाखवायचा. त्या जागा ऐकून बरोबर की चूक हे सांगायला आम्ही. अमेरिकेतल्या एका कंपनीचं काम होतं ते. पण आमचे साहेब गुजराती, धार्मिक आणि हुशार. आश्रमांची प्रवचनं परदेशातले भक्त भराभर नेटवर चढवत होते, अगदी जुन्या कॅसेटींवरून उतरवून. ती सगळी गोळा करून साहेबांनी एक साइट काढायला घेतली होती. क्रोध असा शब्द टाका, महाराज क्रोधाबद्दल जिथे जिथे बोलले ते सगळं ऐका.

एका संध्याकाळी हिंचक्यावर, म्हणजे बाईंच्या झोपाळ्यावर, बसून मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी हिंचका पायाने थांबवला.

"त्या यंत्राला मराठी येतं?"

मी म्हटलं, त्याला कुठलीच भाषा येत नाही. नुसते आवाज जुळवतं.

"मग बरं. भाषा येते ती माणसं फार चुकीचं ऐकतात."

मग त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. चुका किती होतात? फार. लहान शब्द दिला तर सगळीकडेच सापडल्यासारखा वाटतो, लांब वाक्य दिलं तर नेमकं सापडायची शक्यता जास्त. खोकला आला तर? पंख्याचा आवाज असेल तर? आणि बोलणारा मुख्य माणूस नसेल, समोर बसलेल्यांपैकी कोणी असेल तर? मी म्हटलं, माइकपर्यंत आवाज पोचला असेल तर सापडू शकतो. प्रवचनानंतर लोक प्रश्न विचारतात, तेही रेकॉर्डिंगमध्ये असतं.

त्यांनी हिंचका पुन्हा सुरू केला. दोन दिवसांनी मी ऑफिसला निघताना जिन्याशी उभ्या होत्या.

"आमचे गृहस्थ बोलायला लागले की आधी एक म्हणायचे," त्या म्हणाल्या. "सवयच होती. 'एटले काय की, बघा ने.' मग पुढचं. साहेबांशी बोलताना, दुधवाल्याशी बोलताना, माझ्याशीसुद्धा. गुजरातीत बोलले तरी हे तसंच यायचं. एवढं लांब पुरेल?"

एटले म्हणजे गुजरातीत 'म्हणजे'. तो शब्द बडोद्यात कोणीही म्हणतं. पण एटलेच्या मागे मराठी 'काय की' आणि त्याच्यामागे पुन्हा गुजराती 'ने' लावून बोलणारी माणसं मराठी घरांतही मी फारशी ऐकली नव्हती. मी म्हटलं, पुरेल. पण बाई, ते आश्रमातच असतील कशावरून?

"कशावरूनच नाही. बाकीचं सगळं शोधून झालंय."

साहेबांना मी विचारलं. त्यांनी एका वाक्यात परवानगी दिली, वर म्हणाले की आपल्या प्रोग्रामची परीक्षाही होईल. मग रविवारी दुपारी मी ऑफिसचा लॅपटॉप घरी आणायला लागले. यंत्राने दाखवलेल्या जागा मी एकेक लावायची, हेडफोन बाईंच्या कानावर. त्या टीव्हीच्या झाकणाकडे बघत बसायच्या आणि म्हणायच्या, नाही. पुढचं. नाही. कुठे कोणी एटले म्हणून नुसता खोकलेला असायचा, कुठे मांडवात खुर्ची सरकलेली, कुठे दूर कोणी चहावाला ओरडत असायचा. यंत्राला ते सगळं सारखंच.

काही रविवारांनंतर मला वाटायला लागलं की आपण उगाच सुरू केलं हे. पण बाई बदलत चालल्या होत्या. एक जागा तपासून झाली तरी हेडफोन काढत नसत, पुढचं चालू दे म्हणत. आश्रमातली प्रश्न विचारणारी माणसं त्यांना माहितीची झाली. एक बाई होत्या, दर शिबिरात मुलाच्या दारूबद्दल विचारायच्या. पुढच्या एका रेकॉर्डिंगमध्ये त्यांनी काहीच विचारलं नाही, नुसतं जय म्हणाल्या, तर बाई म्हणाल्या, "गेला तिचा मुलगा." एक म्हातारे होते, त्यांना मोक्षाची घाई होती. त्यांच्या प्रश्नाला बाई हसायच्या. इतकी वर्षं त्या फोनवर मुक्या श्वासांना कान देत उभ्या राहिल्या होत्या. आता निदान कोणी बोलत तरी होतं.

मग एका रविवारी, करजणच्या पुढे नर्मदेकाठी असलेल्या एका आश्रमाची जुनी कॅसेट होती. खरखर फार होती. मी जागा लावली आणि बाईंचा चेहरा बघितला. त्या नाही म्हणाल्या नाहीत. पुढचंही म्हणाल्या नाहीत. हात नुसता हेडफोनवर गेला आणि तिथेच राहिला.

ते झाल्यावर त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "तू ऐक. मला गुजराती येतं, पण तू ऐक."

मी ऐकलं. एका माणसाचा बारीक, सभ्य आवाज. "एटले काय की, बघा ने, महाराज, घरवाळां तो गुजरी गयां. हवे पाछळ कोई नथी." बायको वारली, आता मागे कोणी नाही. महाराजांनी विचारलं, केव्हा? गेल्या वर्षी. काय झालं होतं? कावीळ. मग त्याने आपला प्रश्न विचारला. ती गेली, पण रात्री तिचा आवाज ऐकू येतो. 'अहो, ऐकलं का' म्हणून हाक मारते. नामस्मरण चालू असतं तरी त्यातून ऐकू येते. काय करावं? महाराज म्हणाले, नाम जरा मोठ्याने घ्या, म्हणजे ती थकेल. मांडवातले लोक हसले. तोही हसला असावा. मग दुसऱ्या कोणाचा प्रश्न सुरू झाला.

रेकॉर्डिंगच्या नावातच वर्ष होतं. घड्याळाच्या पट्ट्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

बाई उठल्या, टीव्ही बंद केला.

"मला कावीळ कधीच झाली नाही," त्या म्हणाल्या.

आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला बसल्या.

त्यानंतरचा आठवडा घर फार वाईट होतं. बाई सगळं करत होत्या, पण बोलत नव्हत्या. फोन वाजला तर उचलत नव्हत्या. माझं एक वाक्य चुकलं तर ते सुधारत नव्हत्या, हे मला सर्वांत जास्त लागलं. समोरच्या बेन छाश, म्हणजे ताक, घेऊन आल्या, काय झालं विचारून गेल्या, मी काही सांगितलं नाही. शनिवारी बाईंनी विचारलं, "उद्या करजणला येतेस ने?"

करजणपर्यंत एसटी, तिथून पुढे छकडा मिळाला. मागे पाट्या टाकलेली ती तीनचाकी रिक्षा, खड्ड्यात गेली की माणूस उडून परत बसायचा. वाटेत दोन्ही बाजूंना कपाशी. तो माणूस अजून तिथे असेल का, असेल तर काय बोलणार, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. नेसायला त्यांनी शाळेत नेसायच्या तशी कडक इस्त्रीची साडी काढली होती.

आश्रमाच्या ऑफिसात पांढऱ्या कपड्यातले एक व्यवस्थापक होते. बाईंनी नवऱ्याचं नाव सांगितलं. अजून आहेत, रसोड्याचं, स्वयंपाकाचं बघतात, चांगला सेवाभावी माणूस, ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तमे एमना कोण?"

मी बाईंकडे बघितलं. गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळावर कुंकू होतं.

"त्यांच्या बायकोची बहीण," त्या म्हणाल्या.

व्यवस्थापकांचा चेहरा एकदम मऊ झाला. बसा म्हणाले, पाणी मागवलं. तुमच्या बहिणीची फार आठवण काढतात ते, म्हणाले. आणि माणूस पाठवला.

ते ओले हात पंच्याला पुसत आले. बारीक, उंच, दाढी पांढरी. दारात आले आणि तिथेच उभे राहिले. व्यवस्थापकांनी आनंदाने सांगितलं की तुमची साळी आलीय बडोद्याहून. मला वाटलं, आता ते पळून जातील किंवा पाया पडतील, किंवा बाईच काहीतरी बोलतील आणि सगळं फुटेल. तसं काही झालं नाही. ते आत आले आणि समोरच्या बाकावर बसले.

"बऱ्याच वर्षांनी आलात," ते म्हणाले.

"पत्ता नव्हता."

व्यवस्थापक कौतुकाने दोघांकडे बघत होते. मराठी त्यांना समजत होतं.

"ताईला कावीळ झाली होती म्हणे," बाई म्हणाल्या.

"हो."

"फार दिवस होती?"

"नाही." ते जमिनीकडे बघत होते. "लवकर आटपलं."

"त्रास झाला असेल तिला."

"एटले काय की..." त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. "झाला असेल. मला कळला नाही."

"तुम्ही जवळ नव्हता?"

"नव्हतो."

बाईंनी मान हलवली, एखाद्या मुलाने अखेर बरोबर उत्तर द्यावं आणि ते ऐकून काही विशेष वाटू नये तशी. मग त्यांनी जेवणाखाणाचं, तब्येतीचं विचारलं. त्यांना साखर झाली होती, डोळ्यांनी कमी दिसत होतं. बाईंनी औषधं कुठली घेता ते विचारून घेतलं. प्रसाद घेऊन जा, असा व्यवस्थापकांनी आग्रह केला. बाई नको म्हणाल्या, पण उठता उठता आपला फोन नंबर मात्र त्यांना लिहून दिला. काही कमीजास्त झालं तर कळवा, त्यांच्या मागे मी एकटीच आहे, असं सांगितलं.

फाटकापर्यंत बाईंचे गृहस्थ मागून आले. मी दोन पावलं पुढे होते तरी ऐकू आलं.

"छत गळतं का अजून?"

"गळतं," बाई म्हणाल्या आणि छकड्यात चढल्या.

परत येताना एसटीत मला राहवेना. का गेलात एवढं तरी विचारायचं होतं बाई, असं मी म्हटलं. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. ते घेऊन मी काय करू?"

त्या वर्षी दिवाळीची वाट न बघता बाईंनी दिराला बोलावलं आणि अर्ज करू या म्हणून सांगितलं. करजणचं त्यांना काही सांगितलं नाही. दीर रडले. त्यांना वाटलं, वहिनींनी शेवटी आशा सोडली. वकिलाने सगळं समजावलं होतं. अशा बाबतीत कायदा एकच विचारतो: ज्यांच्या कानावर त्या माणसाची खबर यायला हवी, त्यांच्या कानावर सात वर्षांत काही आलंय का. बाईंची साक्ष होती त्या दिवशी मी रजा काढून बरोबर गेले. वकिलाने विचारलं, आपल्या पतीबद्दल इतक्या वर्षांत काही ऐकलंत? बाई सरळ समोर बघत म्हणाल्या, नाही. कधीच नाही? कधीच नाही. दिराने पाठीमागे डोळे पुसले. न्यायाधीशांनी सहानुभूतीने मान हलवली आणि पुढची तारीख दिली.

निकाल लागल्यावर दिराने घरी पालाशविधी करवला. ज्याचा देह मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. गुरुजी म्हणत होते, दीर करत होते, बाई बाजूला बसून होत्या. पुतळा पटकन पेटला. विधी झाल्यावर त्यांनी स्वतःच मंगळसूत्र काढून जावेच्या ओंजळीत ठेवलं. दहा दिवस सगळं रीतीप्रमाणे पाळलं, जेवणात तिखटसुद्धा घेतलं नाही. बोळातल्या बायका भेटायला येऊन गेल्या. इतकी वर्षं ज्या बाईला काय म्हणावं हे त्यांना कळत नव्हतं, तिला काय म्हणायचं ते आता ठरलं होतं आणि त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं.

घर बिल्डरला द्यायचं ठरलं. अमेरिकेतलं काम बंद पडल्यामुळे आमचं ऑफिसही गुंडाळत आलं होतं, मला पुण्याला नोकरी मिळाली होती. मी सामान बांधायला घेतलं होतं तेव्हाच आश्रमातून फोन आला. व्यवस्थापकच होते. रात्री झोपेतच गेले, म्हणाले. सासरच्या माणसांत तुम्हीच एक आहात, याल तर थांबतो.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. नदीला पाणी कमी होतं, काठावर लांबपर्यंत नुसती वाळू. आश्रमाच्या माणसांनी सगळी तयारी करून ठेवली होती. बाईंना त्यांनी सावलीत खुर्ची दिली. त्यांच्या कपाळावर आता कुंकू नव्हतं. व्यवस्थापकांनी ते पाहिलं आणि हळूच विचारलं, तुमचे मिस्टरही गेले? बाई हो म्हणाल्या. केव्हा? मागच्या वर्षी. त्यांनी हात जोडले.

अग्नी आश्रमातल्या एका सेवकाने दिला. बाई उठून थोड्या जवळ गेल्या, फार जवळ नाही. मेहुणीने जेवढं पुढे जावं तेवढ्याच. लाकडं तडतडत होती. एक म्हातारे सेवक, रसोड्यात त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेले, डोळे पुसत बाईंजवळ आले आणि म्हणाले, बेन, आता ते तुमच्या बहिणीपाशी पोचले असतील. रोज तिचं नाव घ्यायचे.

"काय नाव घ्यायचे?" बाईंनी विचारलं.

त्यांनी आठवून बघितलं. नाव त्यांना सांगता येईना. घरवाळां असंच म्हणायचे, ते म्हणाले.

मग आम्ही नदीत पाय बुडवले, पाणी शिंपडून घेतलं आणि निघालो. करजणला एसटी लगेच मिळाली. खिडकीकडे मी बसले, कारण त्यांना वारा नको होता. अर्धा रस्ता त्या डोळे मिटून होत्या, मला वाटलं झोप लागली. पोर गावाच्या आसपास त्यांनी डोळे उघडले आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "मेहुणीला सूतक असतं का गं?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कोणाला तरी विचारलं पाहिजे."